ओल्या फडक्याची कुळकथा

मेहकर सोडून जालन्याच्या रस्त्याला लागलं की सुलतानपूर येतं. लोणारच्या सरोवराकडे वळणारा फाटा इथलाच. वैशाखात या पट्ट्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पद्मिनी आणि अँबेसिडरच्या काळात अशा दुपारी चहाला थांबलेली गाडी पुन्हा निघायचं नाव घेत नसे. सेल्फ जोमात फिरायचा, बॅटरीही ठीक असायची, पण इंजिन काही उचलायचं नाही. मग ड्रायव्हर बोनेट उघडून पाण्यात भिजवलेलं फडकं फ्यूल पंपावर गुंडाळायचा. थोड्या वेळाने गाडी सुरू व्हायची आणि कुणाला त्यात नवल वाटायचं नाही. त्या फडक्यामागे मात्र पुष्कळ विचार आहे.

पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले सर्वांत हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. जुन्या गाड्यांची टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाला चिकटलेला. पंपातला पडदा वरखाली होऊन पेट्रोल ओढून घ्यायचा. ओढताना नळीतला दाब घटतो आणि दाब घटला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. नळीत एकदा वाफ भरली की पंप निकामी. पडदा हलतो, वाफ दबते आणि फुगते, कार्बोरेटरपर्यंत थेंब पोचत नाही.

पण मग चालती गाडी का बंद पडत नाही आणि थांबलेलीच का अडते? चालताना पंपातून सतत ताजं पेट्रोल वाहतं, पंखा वारा घालतो, रेडिएटरचं पाणी फिरतं. किल्ली फिरवली की तिन्ही एकदम थांबतात. बिडाच्या इंजिनात साठलेली उष्णता मग आजूबाजूला पसरते आणि पंप, नळी, कार्बोरेटर सगळ्यांना तापवते. म्हणून हे भाग धावताना तापतात त्याहून जास्त इंजिन बंद केल्यावरच्या काही मिनिटांत तापतात. चहाचा एक कप संपायला तेवढाच वेळ लागतो!

ही अडचण आपल्याकडे जन्मली नाही. थंडीत गाडी चटकन सुरू व्हावी म्हणून पेट्रोलमध्ये हलके घटक वाढवले, की तेच पेट्रोल उन्हाळ्यात नळीत उकळे. अमेरिकेत हा त्रास इतका वाढला की पेट्रोल किती वाफ धरतं हे मोजण्याची रीड नावाच्या गृहस्थांची पद्धत १९३०च्या सुमारास प्रमाण मानली गेली. आजही पेट्रोलची ही तपासणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिथले ड्रायव्हर नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत. त्यांचा उपयोग होत असे का, याची मला शंका आहे. ओल्या फडक्याचं तसं नाही. पाणी वाफ होताना खरोखर उष्णता शोषून नेतं, आणि आपल्या कोरड्या उन्हात ते फार वेगाने घडतं.

आपल्या गाड्याही मुळात बाहेरच्याच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट मूळची इटलीची, उत्तरपाड्याची अँबेसिडर इंग्लंडच्या मॉरिसची. दोन्ही थंड मुलखातले आराखडे. फियाटची १९७४ साली पद्मिनी झाली, तरी अंगाने ती जुनीच राहिली. गाडी दशकानुदशकं तीच, म्हणून तिचं दुखणंही तेच, आणि उपायही उस्तादाकडून पोऱ्याकडे तसाच चालत आला.

मला या फडक्याची खरी थोरवी वेगळ्याच गोष्टीत दिसते. गरम गाडी न उचलण्याचं कारण दर वेळी नळीतली वाफच नसतं. कधी कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून सिलिंडरच्या वाटेत सांडतं. तेव्हा पेट्रोलचा वास येतो, आणि अॅक्सिलरेटर न पंपता पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा लागतो. कधी कॉइलच्या आतली तार तापून सुटते. चांगला मिस्त्री म्हणून आधी प्लगची वायर धातूजवळ धरून करंट बघायचा. ठिणगी निळी आणि जोरकस असेल तर फडकं पंपावर. ठिणगी पिवळट किंवा गायब असेल तर कॉइलवर. एका वेळी एकच भाग गार करायचा. ज्याच्या गारव्याने गाडी उचलली, दोष त्याचा. हे औषध होतंच, पण त्याआधी ते निदान होतं. पाना न लावता केलेलं इतकं नेमकं निदान मला दुसरं माहीत नाही.

२००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बोरेटर गेले, इंजेक्शन आलं. पंप टाकीत, पेट्रोलमध्येच बुडून बसला. तो आता ओढत नाही, मागून ढकलतो, आणि दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. बुलढाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर गाड्या तासन्‌तास वेगात धावतात, थांबतात, आणि एखादी तशीच अडते.

आता संशय जातो क्रँक सेन्सरवर. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला तोच कळवतो. त्यातली बारीक तार तापून तुटक झाली की खबर थांबते, आणि कॉम्प्युटर ना ठिणगी देतो ना पेट्रोल. खूण सोपी आहे: सेल्फ फिरतो, पण बऱ्याच गाड्यांत आरपीएमचा काटा शून्यावरच राहतो. अशा वेळी तेच जुनं ओलं फडकं सेन्सरवर ठेवावं. तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी ओतू नये, बिडाचा भाग तडकू शकतो. पंख्यापासून हात लांब ठेवावेत. काटा हलला आणि गाडी उचलली, तर टाकी उतरवून पंप बदलण्याआधी सेन्सर बदलून बघावा.