मेजावरचे वस्त्र आणि कागदाची पट्टी

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पूर्व अमेरिकेतील कित्येक शेतकरी घरांत माग हे चुलीइतकेच गरजेचे साधन होते. जवसाच्या देठांतील तंतू काढून त्यांचे लिनन करावे, मेंढीची लोकर कातून रंगवावी, आणि कुटुंबाची वस्त्रे विणावी, हा स्त्रियांचा वर्षभराचा व्याप होता. मात्र गरज भागल्यावर हौसही होतीच. मेजासाठी पांढऱ्यावर पांढरी नक्षी असलेले लिनन विणले जाई. त्यांतील एका विणीला तिच्या आकारांवरून 'एम्स अँड ओज' असे इंग्रजी अक्षरांचेच नाव पडले होते. पलंगावर 'ओव्हरशॉट' विणीचा रंगीत पलंगपोस असे.

या विणीत सुती पोतावरून लोकरीचा जाड बाणा काही ताण्यांना ओलांडीत जातो आणि नक्षी उठते. दोन रंगीत फेऱ्यांमध्ये बारीक सुताची एक साधी फेरी घालून पोत घट्ट राखतात. निळीचा निळा, मंजिष्ठेचा तांबडा आणि अक्रोडाच्या सालींचा तपकिरी, हे तिचे नेहमीचे रंग. माग अरुंद असल्याने दोन पट्टे विणून मधोमध शिवावे लागत.

ही नक्षी स्मरणात ठेवणे सोपे नव्हते. म्हणून कोणता धागा मागाच्या चार चौकटींपैकी कोणत्या चौकटीतून ओवायचा, हे कागदाच्या लांब, अरुंद पट्टीवर रेघा आणि आकडे यांनी लिहून ठेवीत. विणणारी ती पट्टी मागाला टाचून घेई आणि ओवणी जेथे थांबली असेल तेथे टाचणी खोवी. जुन्या पट्ट्यांवर त्या टाचण्यांची भोके अजून दिसतात. नक्ष्यांना 'गोगलगायीची वाट', 'मांजराची पावले' अशी घरगुती नावे असत आणि गाव बदलले की तीही बदलत.

गिरण्यांचे स्वस्त कापड आले आणि 1861 ते 1865 च्या यादवी युद्धानंतर घरचे माग बहुतेक ठिकाणी बंद पडले. माग थांबला की पट्टीचा अर्थही हरपे. ती वाचणारी गेली की उरे तो निव्वळ रद्दी कागद. अ‍ॅपलाचिया पर्वतातील काही खोऱ्यांत मात्र ही विद्या टिकून होती. 1895 साली नॉर्थ कॅरोलायनात मिशनचे काम करणाऱ्या फ्रान्सेस गुडरिच यांना एका शेजारणीने चाळीस वर्षांचा जुना तपकिरी पलंगपोस भेट दिला. त्यातून 'अ‍ॅलनस्टँड' हा कुटीरोद्योग उभा राहिला, आणि 1908 साली अ‍ॅशव्हिल येथे त्याचे दुकान निघाले. डोंगरातील स्त्रियांच्या हाती रोख पैसा आला, हा लाभ थोडा नव्हे. परंतु स्वतःच्या घरासाठी होणारे विणकाम आता गिऱ्हाइकासाठी होऊ लागले. रंग आणि माप ठरविण्याचा हक्क विणणारीकडे पूर्वीसारखा उरला नाही.

तो हक्क दुसऱ्या वाटेने परत आला. मोन्टाना राज्यातील बेसिन या खाणगावात राहणाऱ्या मेरी मेग्ज अ‍ॅटवॉटर यांनी जुन्या पट्ट्या जमवून त्या वाचण्याची रीत उलगडली. 1920 च्या दशकात त्यांनी टपालाने विणकामाचे धडे देण्यास आरंभ केला, आणि 1928 साली अमेरिकन हातविणीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. घरकामातून वेळ काढून शिकणाऱ्या स्त्रीला संपूर्ण पलंगपोस विणणे जड जाई. मेजावरची पट्टी किंवा चौकोनी रुमाल मात्र तिच्या आवाक्यात होता. मूळ नक्षीतील प्रत्येक भागाचे धागे कमी केले की तीच नक्षी हातभर रुंदीत बसे. अशा रीतीने पलंगावरचा गुलाब मेजावर आला.

आज तयार मेजपोस विणलेल्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो. तरीही चार चौकटींच्या मागावर घरच्यासाठी विणणारे आहेत, आणि ज्या ओवणीने ते ताणा भरतात ती बहुधा अशाच एखाद्या पट्टीवरून उतरलेली असते. ती पट्टी लिहिणाऱ्या स्त्रीचे नाव क्वचितच ठाऊक असते; तिने मांडलेला धाग्यांचा क्रम मात्र जसाच्या तसा वापरात आहे.