जोंधळा आणि मिलो

1972च्या दुष्काळाचा विषय निघाला की महाराष्ट्रातली जुनी माणसे दोन नावे हमखास घेतात : सुकडी आणि मिलो. सुकडी दुष्काळात वाटली जाई, मिलो रेशनवर मिळे. मिलो म्हणजे अमेरिकेहून बोटीने आलेली लाल ज्वारी. तिच्या तांबड्या भाकरीची आठवण लोक आजही तोंड वाकडे करून सांगतात. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मिलो आणि आपला जोंधळा एकाच जातीचे. मग एक घरचा आणि दुसरी परकी का ठरली? स्थानिक, हंगामी अन्न खावे, असा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. 'स्थानिक' म्हणजे नेमके काय, हे या प्रश्नातून बरेच उलगडते.

जोंधळाही मुळात बाहेरचाच. आफ्रिकेत माणसाच्या हाती लागलेले हे पीक फार प्राचीन काळी भारतात आले आणि दख्खनच्या काळ्या मातीत रुजले. सोलापूरकडे पाऊस बेताचा, पण ही माती ओल धरून ठेवते. पावसाळा सरताना पेरलेली रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. स्थानिक मालदांडीतून 1930च्या दशकात मोहोळला निवडलेले 'मालदांडी 35-1' हे वाण शेतकरी अजून पेरतात.

या पिकाभोवती वर्ष फिरत असे. थंडीत हुरडा. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडे वेळअमावास्या. त्या दिवशी शेतात बसून आंबील, भज्जी आणि उंडे खायचे. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीत हाच सण एळ्ळ अमावास्या म्हणून होतो. मराठीत जोंधळा, कन्नडमध्ये जोळ, तेलुगूत जोन्ना. अनुवाद करताना मला या शेजारच्या भाषांचा आधार वाटतो. हुरड्यासाठी उत्तर कर्नाटकात 'सीतनी' हा शब्द तयार आहे. इंग्रजीत मात्र 'भाजलेली कोवळी ज्वारी' लिहून भागवावे लागते. त्यातून पदार्थ कळतो; तो वर्षातून काही आठवडेच मिळतो आणि त्यासाठी शेतावर जावे लागते, हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट ताटात दिसत नाही : कडबा. दाणा माणसाला, कडबा जनावराला. जनावरातून शेण, दूध आणि पुढच्या पेरणीचे बैल. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित वाण आले. त्याचे उत्पन्न जास्त, पण ताट ठेंगणे, म्हणून कडबा कमी. खरिपातले हे पीक लवकर पिके, त्यामुळे कणीस पावसात सापडून दाणा काळा पडे. 'हायब्रिड' हा शब्द मराठी खेड्यांत बेचव आणि कमकुवत अशा अर्थाने रूढ झाला, तो काही उगाच नव्हे.

तरीही गुणगान जपून करायला हवे. 1972च्या आधीपासूनच पाऊस दगा देत होता. 1973च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. स्थानिक शेतात तेव्हा काहीच उरले नव्हते, आणि ज्या मिलोला आपण नाके मुरडतो, तिने जीव जगवले. पण बोटीतून आला तो फक्त दाणा. त्याच्याबरोबर कडबा आला नाही, हुरडा आला नाही, पुढच्या हंगामाचे बियाणे आले नाही. पोट भरले, शेतकऱ्याचे वर्ष मोकळेच राहिले.

जुन्या दख्खनला हा धोका ठाऊक होता. म्हणून जमिनीत पेवे खणून जोंधळा साठवला जाई, चांगल्या वर्षाचे धान्य वाईट वर्षासाठी. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, ही कथा त्याच जोंधळ्याच्या मुलखातली आहे. कोठार भरलेले असणे आणि वेळेला ते उघडले जाणे, ही दोन्ही कामे झाली तरच स्थानिक अन्न दुष्काळात तग धरते.

पुढे रेशनच्या गव्हाने सणासुदीची पोळी रोजची केली, आणि शेतात ऊस व सोयाबीन पसरले. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने किलोमागे तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया असे दर ठरवले. दहा वर्षांनी, 2023च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात, त्याच 'भरड' धान्याला 'श्रीअन्न' म्हणून मखरात बसवले गेले. शहरातल्या दुकानात ज्वारी आता गव्हाहून महाग मिळते आणि ग्लुटेन नसल्याच्या गुणावर खपते. तो गुण खराच आहे. पण मिलोतही ग्लुटेन नव्हते. जोंधळ्याचे जास्तीचे देणे मातीतल्या ओलीला, गोठ्यातल्या बैलाला आणि पेवातल्या शिल्लकीला धरून होते. भाकरी परत आणताना त्यांचाही हिशेब मांडावा लागेल.