एक्क्यावरचा शिक्का

छंद माणसाच्या ऐपतीवर ठरत नाही, हे एक बरं आहे. तसं असतं, तर बँकेच्या कारकुनाला फार तर विजेच्या बिलांच्या पावत्या जमवता आल्या असत्या. मला नाद आहे तो जुने युरोपीय पत्ते जमवण्याचा. आणि तोही हिंगोली जिल्ह्यात, पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या गावी राहून! इथे पाणी साठवण्याची सोय उत्तम, पत्ते साठवण्याची मुळीच नाही. माझ्या संग्रहात आजवर सतरा पानं जमली आहेत. "म्हणजे रमीचा एक हात होऊन वर चार उरतात," असा ताळेबंद आमच्या सौभाग्यवतींनी मांडला आहे. मी बी. कॉम. असूनही त्यात चूक काढता आलेली नाही.

जुनं पान ओळखायची युक्ती सोपी आहे. आधी कोपरा बघावा. कोपऱ्यात आकडा नसेल, तर पान बहुधा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. मग राजाचे पाय बघावेत. पूर्वीच्या राजांना पाय असत! चित्र डोक्यापासून पायापर्यंत एकच. पण त्यात एक घोटाळा व्हायचा. हातात राजा उलटा आला, की खेळणारा तो हळूच सुलटा करी, आणि समोरचा लगेच ओळखी, की ह्याच्याकडे मोठं पान आलंय. म्हणून एकोणिसाव्या शतकात राजाला दोन्ही बाजूंनी डोकं दिलं आणि पाय काढून घेतले. एकदा गादीवर बसल्यावर पायांची गरज तरी कुणाला असते म्हणा!

तिसरी खूण पाठीची. जुन्या पानांची पाठ कोरी असे. कोरा कागद दिसला की त्यावर काहीतरी लिहावंसं वाटणं हा मनुष्यस्वभाव आहे. लोकांनी पत्त्यांच्या पाठीवर निरोप लिहिले, आमंत्रणं लिहिली, भेटीला गेल्यावर आपलं नाव लिहून ठेवलं. पण ह्या सगळ्यांवर ताण केली ती कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीने. साल १६८५. फ्रान्सहून पगाराची पेटी घेऊन येणारं जहाज काही येईना, आणि शिपाई तर दारात उभे. तिथला कारभारी झाक द म्यूल ह्याने गावातले पत्ते गोळा केले, पानावर रक्कम घातली, खाली सही ठोकली आणि वाटला पगार! जहाज आल्यावर त्याने ती पानं रोख मोजून परतही घेतली. आमच्या बँकेच्या भाषेत हे कागदी चलनच झालं. पुढे मात्र सरकारला त्याची गोडी लागली. इतकी पानं वाटली गेली, की अखेर ती निम्म्या किमतीला परत घ्यावी लागली. पत्त्यांनी दिवाळं निघालेली माणसं आपल्या पाहण्यात असतात; इथे सरकारचंच ते व्हायची वेळ आली.

इंग्रज ह्या बाबतीत पक्के हिशेबी. त्यांनी पत्त्यांवर पैसे छापले नाहीत, पत्त्यांतून काढले. १७११ साली दर कॅटमागे सहा पेन्स कर बसवला. व्यापारी कर चुकवायला लागले, तेव्हा १७६५ पासून इस्पिकचा एक्का सरकारी मुद्रांक कचेरीच छापून देऊ लागली. एक्का सरकारी असेल तर कर भरलेला, नाहीतर माल चोरीचा. असला खोटा एक्का तयार केला म्हणून १८०५ साली रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला चक्क फाशी दिलं! आपल्याकडे तीन पत्तीत एक्का लपवणाऱ्याला फार तर दोन थपडा बसतात. तो कर १९६० साली गेला, पण सवय गेली नाही. आजही हिंगोलीच्या बाजारातून साधा कॅट आणा. तीन एक्के बिचारे साधे, आणि इस्पिकचा तेवढा लग्नातल्या व्याह्यासारखा नटलेला. ती नक्षी शोभेची नाही. ती करवसुलीची पावती आहे.

पत्ता आणि पैसा ह्यांचं नातं इथवर येऊन थांबत नाही. थॉमस द ला रू ह्याने १८३१ साली पत्ते छापण्याच्या नव्या तऱ्हेचं पेटंट घेतलं. पत्त्यांवर हात बसल्यावर त्याचीच कंपनी टपाल तिकिटं आणि नोटा छापू लागली. हिंदुस्थानची तिकिटंही १८५५ पासून ती लंडनहून छापून पाठवी. १९२५-२६ मध्ये नाशिकचा छापखाना सुरू झाला, तेव्हा ते काम आपल्याकडे आलं. तेव्हा दिवसभर नोटा मोजून संध्याकाळी पत्ते पिसणाऱ्या कारकुनाला कुणी नावं ठेवू नयेत. तो एकाच घराण्याची सेवा करत असतो.

हे युरोपीय पान आपल्याकडे आलं, तेव्हा आपण काही रिकाम्या हाताने बसलो नव्हतो. आपल्याकडे गंजिफा होता. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला मागणीवरून गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली डाव शहाण्णव पानांचा. आपल्या सावंतवाडीचा दशावतारी एकशेवीस पानांचा: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा साधी पानं. पानं गोल, हाताने रंगवलेली, वर लाखेची झिलई. राणी मात्र नाही. "मग राज्य चालवत कोण होतं?" असा प्रश्न आमच्या घरातून आला. तो मी इतिहासकारांवर सोपवतो.

यंत्रावर छापलेला स्वस्त बावन्न पानांचा कॅट आला, आणि एकशेवीस पानं रंगवणाऱ्या चितारींचे हात रिकामे झाले. सावंतवाडीतही ही कला जाणणारे अगदी बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी ह्यांनी उरलेल्या जाणत्यांकडून नव्या मुलांना शिकवून घेतलं, आणि राजवाड्यातच गंजिफा पुन्हा रंगू लागला. डावात नसलेली राणी अशी ऐन वेळी डावात उतरली.

माझ्या सतरा पानांकडे बघताना हे हटकून आठवतं. कॅनडातल्या पानाला किंमत सहीने आली, इंग्लंडातल्या पानाला शिक्क्याने, सावंतवाडीच्या पानाला माणसाच्या हाताने. सही दुसरा करू शकतो. आमच्या बँकेत तर रोजच कुणाच्या तरी रजेवर कुणीतरी करतो. शिक्का नवा बनवून मिळतो. हात तेवढा एकदा गेला, की कितीही अर्ज केले तरी त्याची दुय्यम प्रत मिळत नाही.

म्हणून ठरवलंय, अठरावं पान युरोपचं नाही आणायचं. ते गोल असेल. घरी हिशेब कसा लावायचा, ते नंतर बघू.