नाव कोणाचं टाकू?

परवा गोंदियाहून आत्याचा फोन आला. 'मरायच्या वेळचा तो कागद मलाही बनवून दे ना बाबू.' आत्यानं आजीला चार वर्षं अंथरुणात भरवलंय. शेवटी नळी लावायची की नाही, हे मात्र आम्ही बाकीच्यांनी दवाखान्याच्या जिन्यात ठरवलं. तिला विचारलंच नाही.

त्या कागदामागे अरुणा शानबाग आहे. मुंबईच्या केईएममधली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला इजा झाली आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षं ती पडूनच. पत्रकार पिंकी विराणींनी तिच्या सुटकेसाठी केलेली याचिका ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. केईएमच्या परिचारिकांना ती हवी होती, आणि तिच्या वतीनं बोलायचा हक्क तिला भरवणाऱ्या-पुसणाऱ्यांचा, असं न्यायालय म्हणालं. (इथे मी थांबलो होतो, खरं सांगतो.) गंमत म्हणजे, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवायची वाट याच निकालानं उघडली. नेदरलँड्समध्ये २००२ पासून डॉक्टर इंजेक्शनही देऊ शकतो. आपल्याकडे तो गुन्हाच. अरुणा २०१५ मध्ये न्यूमोनियानं गेली.

२०१८ मध्ये न्यायालयानं हा कागद मान्य केला. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे. शिवाय आपल्या वतीनं ठरवणाऱ्याचं नाव लागतं.

'कोणाचं टाकू?' मी विचारलं.

'तुझंच टाक ना.'

कागद अजून टेबलावरच आहे.