रेषेबाहेरचा आवाज : सामन्यातील प्रशिक्षकाच्या ओरडण्याचा इतिहास

सामना चालू असता प्रशिक्षकाने रेषेबाहेरून खेळाडूंवर ओरडावे की नाही, हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत आता पालकांच्या बोलण्यातही येऊ लागला आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत तासाच्या भाड्याने मिळणारी, जाळीने वेढलेली कृत्रिम हिरवळीची मैदाने अलीकडच्या काळात ठिकठिकाणी उभी राहिली. तेथे आठ-दहा वर्षांची मुले फुटबॉल खेळतात आणि जाळीलगत उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा आवाज शेजारच्या इमारतीपर्यंत पोहोचतो. या प्रश्नाची चर्चा सामान्यतः शिष्टाचाराच्या किंवा बालमानसशास्त्राच्या अंगाने होते. तथापि तो इतिहासाचाही प्रश्न आहे. ओरडणारा प्रशिक्षक हा खेळाइतकाच जुना आहे, असे या वादातील दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. हे गृहीत पुराव्याला उतरत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फुटबॉलचे नियम सिद्ध झाले तेव्हा मैदानावरील निर्णयांचा अधिकार संघनायकाकडे होता. प्रशिक्षक ही व्यक्ती त्या रचनेत नव्हतीच. खुद्द इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाला वॉल्टर विंटरबॉटम यांच्या रूपाने पहिला व्यवस्थापक मिळाला तो १९४६ साली, आणि त्यांच्याही काळात संघनिवड समितीच करीत असे. प्रशिक्षकाचे महत्त्व पुढे वाढत गेले, पण नियमांनी त्याला दीर्घकाळ रेषेबाहेर आणि गप्पच ठेवले. मैदानाच्या कडेवरून खेळाडूंना सूचना देण्यास विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात मनाई होती व ती मोडणाऱ्यास आवरणे हे पंचाचे कर्तव्य मानले जाई. अर्थात नियम पुस्तकात होता म्हणून तो बाकावरही होता, असे समजण्याचे कारण नाही. युरोपातील अनेक प्रशिक्षक बसल्या जागेवरून ओरडत आणि पंच कानाडोळा करीत. तरीही तत्त्व स्पष्ट होते : एकदा शिटी वाजली की खेळ खेळणाऱ्यांचा.

भारतीय फुटबॉलचा जो काळ आज सुवर्णकाळ म्हणून ओळखला जातो, तो नेमका याच नियमाखालचा आहे. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थांचा मुंबईशी संबंध आला तो रोव्हर्स चषकामुळे. ब्रिटिश पलटणींच्या संघांसाठी १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा कूपरेज मैदानावर भरे. रहीम यांच्या मार्गदर्शनाखालील हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली. त्यांच्याच हाताखाली राष्ट्रीय संघाने १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळविले व १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ असा विजय मिळाला. त्यात तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझा याचे होते. ऑलिंपिकमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. वांद्र्यातील एका फुटबॉल मैदानाला आज त्याचे नाव आहे.

रहीम यांच्या पद्धतीचा विचार जाकार्त्याच्या उदाहरणावरून करता येतो. साखळीतील थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावपटू जर्नेलसिंग याच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. टाके पडलेल्या खेळाडूकडून बचावात चेंडू डोक्याने मारण्याचे काम होणे कठीण होते. तेव्हा उपांत्य सामन्यासाठी रहीम यांनी त्याला आघाडीच्या फळीत उतरविले. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला. भारत २-१ असा जिंकला. दुसरा गोल प्रदीपकुमार बॅनर्जी याचा होता. त्या दिवशी प्रेक्षागारात जवळजवळ एक लाख लोक होते आणि त्यांचा रोष भारतीय संघावर होता. एकशे पाच मीटर लांबीच्या मैदानावर, अशा गदारोळात, बाकावरून दिलेली हाक पलीकडच्या बाजूच्या खेळाडूला ऐकू जाणे केवळ अशक्य. जे काही सांगावयाचे होते ते आदल्या रात्रीपर्यंत सांगून झालेले होते. मौनामुळे पदक मिळाले, असा कार्यकारणभाव येथून काढणे मात्र धाडसाचे होईल. त्या संघात चुन्नी गोस्वामी, बलराम, पीटर थंगराज यांसारखे खेळाडू होते. सिद्ध होते ते एवढेच की, सामना चालू असता अखंड बोलत राहणे ही उत्तम प्रशिक्षणाची आवश्यक अट नाही.

फुटबॉल हा परका खेळ असल्याने त्याचे संकेतही परके, असा आक्षेप येथे संभवतो. त्यासाठी महाराष्ट्राच्या मातीतील खेळाकडे वळले पाहिजे. हुतुतूला नियमबद्ध रूप देण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुणे, सातारा, बडोदे येथील क्रीडासंस्थांनी केले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली नियम प्रसिद्ध करून अखिल भारतीय सामने भरविले. पुढे कबड्डी या नावाने स्थिरावलेल्या या खेळाच्या नियमांत एक कलम विशेष लक्षणीय आहे. चढाईवर गेलेल्या खेळाडूला त्याच्याच पक्षातील कोणी सावध केले किंवा सूचना दिली, तर प्रतिपक्षाला एक गुण मिळतो. म्हणजे ‘मागे बघ!’ एवढ्या दोन शब्दांचीही किंमत ठरलेली. दम धरून, ‘कबड्डी कबड्डी’ असा घोष करीत शत्रूच्या अंगणात गेलेला गडी तेथे एकटाच असला पाहिजे आणि त्याने आपल्याच डोळ्यांनी, आपल्याच बुद्धीने परत आले पाहिजे, ही या खेळाची मूळ कल्पना आहे. फुटबॉलच्या नियमकर्त्यांनी जे प्रशिक्षकाबाबत सांगितले, ते येथे सहकाऱ्यांनाही लागू केले गेले. प्रशिक्षकाला बोलण्यासाठी पुढे विश्रांतीचे ठराविक काळ नेमून देण्यात आले. दर अर्ध्या डावात प्रत्येक पक्षाला तीस-तीस सेकंदांचे दोन. २०१४ साली व्यावसायिक कबड्डी दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा ते तीस सेकंद हाच प्रेक्षकांना आवडणारा एक प्रसंग ठरला, ही गोष्ट वेगळी.

मग ओरडण्याची परंपरा येथे नव्हतीच काय? होती, ती तालमीत. कुस्तीच्या मैदानात हौद्याच्या कडेला उभा असलेला वस्ताद आपल्या पठ्ठ्याला मोठ्याने सांगत असतो, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात ही हाक शतकभर घुमत आली आहे. विशेष म्हणजे कोल्हापुरात फुटबॉलही तालमींच्याच आश्रयाने वाढला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही तेथील नामांकित फुटबॉल संघांची नावे आहेत. एकाच छपराखाली लाल माती आणि चामड्याचा चेंडू दोन्ही नांदल्यावर वस्तादाचा सूर फुटबॉलच्या मैदानावर उतरला असल्यास नवल नाही.

परंतु वस्तादाच्या ओरडण्याचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, एकेरी पट, धोबीपछाड : कुस्तीची परिभाषा अशा एकेका शब्दाची आहे. हाक येते ती डावाच्या नावाची. ती ऐकताच काय करावयाचे, हे पठ्ठ्याच्या अंगात वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मुरलेले असते. लढणारे दोघेच, अंतर चार-पाच हातांचे, आणि प्रतिस्पर्ध्यालाही ती हाक ऐकू येत असल्याने वस्तादालाही जपून बोलावे लागते. फुटबॉलमध्ये यांपैकी एकही गोष्ट नाही. चेंडू पायात असलेल्या मुलाला दोन-तीन क्षणांत सहा-सात जणांच्या हालचाली जोखावयाच्या असतात. त्याच वेळी ‘अरे, तिकडे कुठे?’ अशी हाक आली, तर तिच्यात डाव नसतो. तिच्यात फक्त नापसंती असते. वस्तादाचा दाखला देऊन आजच्या प्रशिक्षकाचे समर्थन करणारे हा फरक विसरतात.

क्रिकेटचा दाखला वेगळ्या कारणासाठी उपयुक्त आहे. दादरच्या शिवाजी पार्कवर मुंबई क्रिकेटच्या पिढ्या घडविणारे रमाकांत आचरेकर (१९३२-२०१९) यांना सौम्य म्हणण्याचे धाडस त्यांचा कोणताही शिष्य करणार नाही. पण सामन्याच्या वेळी दुरून पाहत खेळाडूंच्या चुका ते कागदाच्या चिटोऱ्यावर टिपून ठेवीत आणि सामना संपल्यावर त्या एकेक करून पुढे मांडीत, असे त्यांच्या शिष्यांनी सांगितले आहे. कठोरपणा आणि आरडाओरडा या एकच गोष्टी नव्हेत, हे दाखविण्यास मुंबईत याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

फुटबॉलमधील मौनाचा नियम १९९३ साली बदलला. आंतरराष्ट्रीय नियम मंडळाने प्रशिक्षकासाठी बाकाभोवती तुटक रेषांचा चौकोन मान्य केला. बाकाच्या दोन्ही बाजूंना एक मीटर आणि पुढे मैदानाच्या रेषेपासून एक मीटर अंतरापर्यंत त्याची हद्द. एका वेळी एकानेच बोलावे, अशी अट होती. आणि सूचना देऊन लगेच जागेवर परतावे, ही आरंभीची दुसरी अट. ही दुसरी अट पुढे गळून पडली आणि नव्वद मिनिटे उभा राहून हातवारे करणारा प्रशिक्षक जगाच्या परिचयाचा झाला. प्रचंड पैसा, पराभवानंतर जाणारी नोकरी आणि बाकाकडे वळलेला कॅमेरा या तिन्हींनी त्याच्या आवाजाला धार आणली. नियमकर्त्यांना याचे परिणाम दिसले असावेत, कारण २०१९ पासून खेळाडूंप्रमाणे प्रशिक्षकांनाही पिवळे व लाल कार्ड दाखविण्याची तरतूद झाली. भारतात त्याचा ठळक प्रत्यय २०२३ च्या जून महिन्यात बंगळुरूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत आला. राष्ट्रीय संघाचे तत्कालीन प्रशिक्षक इगॉर स्टिमाच यांना पाकिस्तानविरुद्ध आणि नंतर कुवेतविरुद्ध, एकाच स्पर्धेत दोनदा लाल कार्ड मिळाले.

उपनगरांत हा नवा प्रशिक्षक प्रत्यक्ष दिसू लागला तो मुख्यतः अंधेरीत. २०१४ साली स्थापन झालेल्या मुंबई सिटी संघाने २०१६ पासून शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातील मैदान आपले घर केले. तेथे प्रेक्षक मैदानापासून इतके जवळ बसतात की प्रशिक्षकाच्या मुद्रा त्यांना सहज वाचता येतात. जून २०१८ मध्ये याच मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरविले, तेव्हा प्रेक्षक जेमतेम अडीच हजार होते. सुनील छेत्रीने जाहीर विनवणी केल्यावर केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याला मैदान भरले. साथीच्या काळात २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना झाला. मुंबई सिटीने तो १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला जिंकला. जाकार्त्याच्या अगदी उलट अशी ही परिस्थिती. आता प्रत्येक हाक प्रत्येक खेळाडूपर्यंत पोहोचत होती.

व्यावसायिक खेळाडू हा प्रौढ असतो, वेतन घेतो आणि करार मोडून जाऊही शकतो. त्याच्यावर कोणी ओरडले तर तो त्या दोघांमधला व्यवहार आहे. खरा प्रश्न आहे तो अनुकरणाचा. दूरचित्रवाणीवर पाहिलेली मुद्रा आणि आवाज घेऊन दहा वर्षांच्या मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकाबाबत काही अभ्यास उपलब्ध आहेत. अमेरिकेत थार्प व गॅलिमोर यांनी १९७४-७५ च्या हंगामात बास्केटबॉलचे विख्यात प्रशिक्षक जॉन वुडन यांचे सरावातील वर्तन नोंदविले. दोन हजारांहून अधिक नोंदींपैकी सुमारे निम्म्या निव्वळ माहितीच्या होत्या. केवळ स्तुती आणि केवळ नापसंती यांचे प्रमाण प्रत्येकी सात टक्क्यांच्या आसपास. बार्नेट, स्मॉल आणि स्मिथ यांचा १९९२ चा अभ्यास मुलांच्या बेसबॉल संघांचा आहे. उत्तेजन व तांत्रिक सूचना कशा द्याव्यात याचे शिक्षण मिळालेल्या प्रशिक्षकांच्या हाताखालील मुलांपैकी ५ टक्के मुलांनी पुढच्या वर्षी खेळ सोडला. इतरांच्या हाताखालील २६ टक्क्यांनी. हे आकडे परदेशातील आहेत आणि मुंबईला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मान्य केले तरी त्यांतील अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

‘आमची पोरे गर्दीत वाढलेली, त्यांना आवाजाचे काय?’ असा युक्तिवाद उपनगरांत ऐकू येतो. त्यात तथ्य आहे; पण ते उलट दिशेने जाते. गोंगाटाला सरावलेला मुलगा हाक ऐकेनासा होतो, आणि मग प्रशिक्षक आवाज आणखी चढवितो. शिवाय मूल आवाजाची पट्टी सहन करील. चारचौघांत, आईवडिलांदेखत झालेला पाणउतारा ही निराळी गोष्ट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. शाळेच्या मैदानावर त्या कलमाचा आधार घेता येईल. खासगी फुटबॉल अकादमीचा उल्लेख मात्र त्या कायद्यात नाही, आणि उपनगरांतील बरीच मुले आज खेळ शिकतात ती अशाच अकादम्यांमध्ये.

अंधेरीच्या मोठ्या मैदानावर बाकासमोर तुटक रेषा आखलेली असते, चौथा पंच तिच्यावर लक्ष ठेवतो आणि मर्यादा ओलांडल्यास खिशातून कार्ड निघते. भाड्याच्या मैदानावर तेवढी जागाच नसते. तेथे जाळीच्या आत प्रशिक्षक, बाहेर पालक, दोघांच्याही हाका एकाच वेळी सुटलेल्या. आणि चेंडू पायात असलेला मुलगा मान वळवून कोणाकडे बघावे हे ठरवीत असतो, तोवर चेंडू गेलेला असतो.