मातीसची काळी खिडकी

श्रोतेहो, आपल्या माजघरात उभे राहून अंगणाकडे पाहिले म्हणजे काय दिसते? दाराच्या चौकटीत लख्ख ऊन, तुळशीवृंदावन, एखादी कोंबडी. आता अंगणात येऊन भर दुपारी त्याच दाराकडे वळून पाहा. चौकटीत नुसता काळोख! आतली उतरंड, पाटा, काही म्हणजे काही दिसत नाही. एवढे ध्यानात ठेवा; आजच्या गोष्टीत ते लागणार आहे.

गोष्ट आहे फ्रान्समधली. ऑंरी मातीस हा तिथला मोठा चित्रकार. जन्म १८६९ चा, मृत्यू १९५४ चा. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सरहद्दीजवळ, कोलियूर नावाचे कोळ्यांचे बंदर आहे. १९०५ साली तिथे मातीसने एक उघडी खिडकी रंगवली. खिडकीबाहेर समुद्र, होड्या आणि डोलकाठ्या. आणि रंग तर कसे? गुलाबी, हिरवे, शेंदरी, जणू जत्रेतच सांडलेले! त्याच साली पॅरिसच्या प्रदर्शनात असली चित्रे पाहून एका टीकाकाराने ह्या मंडळींना ‘रानटी जनावरे’ म्हटले. ते नाव पुढे त्यांना कायमचे चिकटले.

मग आला १९१४ चा ऑगस्ट. महायुद्ध पेटले. मातीस चव्वेचाळीस वर्षांचा. त्याने सैन्यात जायचा प्रयत्न केला, पण त्याला घेतले नाही. त्याचे मित्र ब्राक आणि देरां मात्र आघाडीवर गेले. उत्तरेकडचे बोएं हे त्याचे गाव जर्मन फौजांच्या ताब्यात गेले, आणि म्हातारी आई तिथेच अडकली. अशा मनःस्थितीत तो सप्टेंबरात बायकामुलांसह कोलियूरला आला. हुआन ग्रीस हा तरुण स्पॅनिश चित्रकारही तेव्हा तिथेच होता. दोघे चित्रकलेवर तासन्‌तास वाद घालीत म्हणे. घालीत असतील, दुसरे करण्यासारखे होते तरी काय?

तिथे मातीसने पुन्हा खिडकी रंगवायला घेतली. कापड सुमारे पावणेचार फूट उंच, तीन फूट रुंद. डावीकडे निळसर झडप, उजवीकडे करडे-हिरवट पट्टे. मधल्या मोकळ्या जागेत त्याने आधी गच्चीचा कठडा आणि पलीकडची झाडे काढली. म्हणजे चित्र नेहमीच्या वाटेने चालले होते.

आणि मग त्याने काळा रंग घेतला नि ते सगळे देखावेच पुसून टाकले. झाडे गेली, कठडा गेला. मधोमध उरला एक काळा पट्टा.

आपली पोरे चित्र बिघडले की त्यावर काळे फासतात, आणि आपण मास्तर लोक कान पिळतो. पण इथे बिघडलेले झाकलेले दिसत नाही. मघाचे अंगण आठवा. खिडकीतून बाहेर पाहिले की उजेड दिसायचा. इथे उजेड झडपांवर आहे आणि बाहेर काळोख. मग आपण उभे कुठे? खोलीत रात्रीकडे पाहत, की उन्हात अंधाऱ्या खोलीकडे पाहत? एका रंगाने घराची आत-बाहेरची बाजूच उलटली. तो काळा म्हणजे युद्धाचा काळोख, असेही पुष्कळ जण सांगतात. मला ते जरा सोपे वाटते. त्या दिवसांची छाया त्यावर पडली असेल, नाही कशाला म्हणा. पण हात मात्र चित्रकाराचा आहे, रडणाऱ्याचा नव्हे.

हेही सांगितले पाहिजे की, त्याच्या आधीच्या पिढीतल्या पुष्कळ चित्रकारांनी काळा रंग वर्ज्य मानला होता. सावलीसुद्धा निळीजांभळी काढायची. त्यांतलाच वृद्ध रन्वार. पुढे मातीस त्याला चित्रे दाखवायला जाई. एका चित्रात पडद्याची दांडी काळीकुळकुळीत होती, तरी ती आपल्या जागी नेमकी बसलेली पाहून म्हातारा चकित झाला. ही हकीकत मातीसच सांगत असे.

कोलियूरच्या त्या चित्रावर मातीसने सही केली नाही. जिवंत असेपर्यंत ते कधी प्रदर्शनात मांडले नाही. म्हणून काही जाणकार ते अपुरेच समजतात. लोकांनी ते प्रथम पाहिले १९६६ साली, अमेरिकेत. म्हणजे रंगवल्यावर बावन्न वर्षांनी. तोवर नुसत्या रंगांच्या पट्ट्यांची चित्रे काढणारी नवी पिढी तिथे नावारूपाला आली होती, आणि म्हाताऱ्याने हे आधीच करून ठेवलेले पाहून ती थक्क झाली.

हे चित्र आता पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मालकीचे आहे. त्याच्यावर बाजूने तिरपा उजेड पाडला, तर काळ्या रंगाखालून तो गच्चीचा कठडा आणि ती झाडे अजून अंधूक दिसतात.