सोयाबीन की तूर? पेरणीआधी बदनापूरचा शेतकरी कोणतं गणित मांडतो

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वाटेत बदनापूर लागतं. कापूस, सोयाबीन, तूर, मका आणि मोसंबीचा हा पट्टा. मृग जवळ आला की इथल्या कृषी सेवा केंद्रांवर एकच चर्चा असते. यंदा सोयाबीनच्या किती बॅगा घ्यायच्या आणि तुरीला किती रान ठेवायचं?

हमीभाव पाहिला तर उत्तर सोपं वाटतं. 2025-26 च्या खरिपासाठी केंद्राने सोयाबीनला क्विंटलमागे 5328 रुपये आणि तुरीला 8000 रुपये भाव जाहीर केला. मग सगळे तूरच का लावत नाहीत? कारण शेतकरी भावाबरोबर आणखी दोन गोष्टी मोजतो. पैसा कधी जातो आणि कधी परत येतो.

खर्च बियाण्यापासूनच सुरू होतो

मराठवाड्यात सोयाबीनचा हिशेब बॅगेवर चालतो. 'यंदा चार बॅगा पेरल्या', 'बॅगला सात क्विंटल उतारा पडला' अशी बोलायची पद्धत आहे. शिफारस हेक्टरी 75 किलो बियाण्याची, म्हणजे एकराला 30 किलो. किलोला 100 रुपये धरले तरी पाऊस पडायच्या आधीच एकरी 3000 रुपये गेले. सलग तुरीला एकरी पाच-सहा किलो बियाणं पुरतं.

वर 50 किलोची डीएपीची गोणी 1350 रुपयांना. तणनाशक, दोन-तीन फवारण्या, सोंगणीची मजुरी आणि मळणी वेगळी. यातलं बरंचसं उधारीवर किंवा पीककर्जावर येतं. कापसाकडे वळावं तर तिथेही बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत 2024-25 मधल्या 864 रुपयांवरून पुढच्या वर्षी 901 रुपयांवर गेली.

सोयाबीनची एक सोय मात्र मोठी आहे. हे सरळ वाण आहे, त्यामुळे घरचं बियाणं पेरता येतं. संकरित कापसात ते जमत नाही. पण सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. पोतं आपटलं, थप्पी उंच लावली किंवा दाणा ओला राहिला, तरी उगवण घटते. 2020 च्या खरिपात बियाणं उगवलंच नाही, अशा इतक्या तक्रारी मराठवाड्यातून आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. म्हणून पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती मोड येतात ते मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर बियाणं चालतं.

खरी मेख पुढे आहे. सोंगणीच्या वेळी पाऊस लागला तर शेंगा भिजतात, दाणा डागाळतो आणि बियाण्यालायक राहत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने असंच नुकसान केलं. ज्या वर्षी पीक जातं, त्याच्या पुढच्या वर्षी बियाणंही विकत घ्यावं लागतं. फटका दोनदा बसतो.

भाव नेमका कुठे ठरतो?

समजा एकरी एकूण खर्च 20 हजार आला. 5328 च्या भावाने तो भरून काढायला पावणेचार क्विंटल सोयाबीन लागतं. बाजारात 4200 मिळाले तर तेवढ्याचसाठी पावणेपाच क्विंटल लागतं. म्हणजे एक क्विंटल जास्त पिकवायचं, तेही फक्त बरोबरीत येण्यासाठी. ही कल्पनेतली परिस्थिती नाही. 2024 च्या हंगामात हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजार बराच काळ त्याच्या खाली होता. सरकारी खरेदीला 12 टक्के ओलाव्याची अट होती. नोव्हेंबर 2024 मध्ये ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर अनेकांनी दिवाळीसाठी माल व्यापाऱ्याला दिलेला होता.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं, तरी सोयाबीन फारसं उचललं नाही. याचं कारण दाण्यातच आहे. सोयाबीनमध्ये तेल साधारण 18 ते 20 टक्के, बाकी मुख्यतः पेंड. ही पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवताना उरणारा स्वस्त चोथा त्याच खाद्यात घुसला आणि पेंडीची मागणी दबली.

कॅनडातला शेतकरी सोयाबीन की कनोला, असा विचार करतो. कनोला ही मोहरीच्या कुळातली, 40 टक्क्यांहून जास्त तेल असलेली तेलबिया. तेल महागलं की तिला लगेच आधार मिळतो. बदनापूरच्या खरिपात हा पर्याय नाही, कारण मोहरीवर्गीय पिकांना थंडी लागते. इथे सोयाबीनसमोर उभी राहते ती तूर.

तुरीचं माहेर, पण वाट पाहायला लावणारं

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र बदनापुरात आहे आणि तुरीच्या वाणांसाठी ते ओळखलं जातं. बीडीएन-711, बीडीएन-716, गोदावरी ही तिथली वाणं. 'बीडीएन' म्हणजे बदनापूरच. बीएसएमआर-736 आणि बीएसएमआर-853 या वाणांनी मर आणि वांझ या दोन रोगांविरुद्ध शेतकऱ्याला मोठा आधार दिला. शेतकरी पेरतो त्या पिशवीवर गावाचं नाव छापलेलं असतं, हे फार कमी तालुक्यांच्या नशिबी येतं.

तरी तूर घाईच्या माणसाचं पीक नाही. सोयाबीन 95 ते 105 दिवसांत निघतं, दिवाळीच्या तोंडावर पैसा येतो आणि त्याच रानात हरभरा घेता येतो. तूर 150 ते 170 दिवस रान अडवते. पैसा जानेवारीनंतर, रब्बी हातची जाते, आणि दुकानदार तोवर थांबेलच असं नाही. भावाचीही खात्री नाही. 2024 च्या मध्यात तूर 10 हजारांच्या पुढे होती; 2025 च्या सुरुवातीला ती हमीभावाच्या आसपास आणि कुठे कुठे त्याखाली घसरली. 2021 पासून खुली झालेली म्यानमार आणि आफ्रिकेतल्या तुरीची आयात हे त्यामागचं एक मोठं कारण.

म्हणून बरेच जण दोन्ही पेरतात. चार ओळी सोयाबीनच्या, दोन तुरीच्या, ही विद्यापीठाचीच शिफारस आहे. सोयाबीनच्या पैशात उधारी फिटते, ओळी मोकळ्या झाल्या की तूर पसरते, आणि एक पीक गेलं तरी दुसऱ्यावर आशा राहते. अडचण एवढीच, की मध्ये तूर उभी असल्याने हार्वेस्टर घालता येत नाही. सोंगणी मजुरांकडूनच करावी लागते, आणि ऑक्टोबरमध्ये सगळ्या गावाला मजूर एकाच आठवड्यात हवे असतात.